रडून झालं, पण कापसाचा हिशोब राहिला

धुऱ्यावरचा – १९ फेब्रुवारी, रात्री ११.४०

सर्वांना सलाम. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. कापसाच्या भावाच्या धाग्यावर कधी एखादी ओळ टाकली तर टाकली. आज जे विचारायचं आहे ते ओळखीच्या कोणाला विचारता येत नाही, म्हणून इथे.

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू, आजोबांपासून ख्रिस्ती घर. २०१२ ते २०१५ असे तीन हंगाम मी एका खेडा खरेदीवाल्याकडे काट्यावर होतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्यापारी गाडी घेऊन गावात येतो, दारात कापूस तोलतो आणि रोख देतो. भाव बाजारापेक्षा कमी, पण गाडीभाडं वाचतं आणि दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा येतो. काटा इलेक्ट्रॉनिक होता. त्याला रिमोट होता. रिमोट माझ्या खिशात होता.

बटण दाबलं की काटा क्विंटलमागे दोन किलो कमी दाखवायचा. त्याहून जास्त मारला तर माणसाच्या लक्षात येतं, असा मालकाचा अनुभव. मला पगार, शिवाय हंगाम संपला की वरून काही.

पुढे ते काम सुटलं. या जानेवारीत आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तीन दिवसांची उज्जीवन सभा झाली, म्हणजे श्रद्धा नव्यानं जागी करायची प्रार्थनासभा. दुसऱ्या रात्री मी पुढे गेलो, गुडघे टेकले आणि लहान पोरासारखा रडलो. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. तोंडात शिव्या फार होत्या, त्या तिथून बंद झाल्या. घरच्यांनाही फरक दिसला.

मग फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर घ्यायचा विधी. भाकर हातात घेतली आणि शेजारी कोण बसलंय ते दिसलं. बारा वर्षं तोच माणूस तिथे बसतो. त्याचा साठ क्विंटल कापूस मी तोललेला आहे.

मालकासाठी कच्ची नोंद ठेवायचो, ती वही अजून माळ्यावर आहे. २३ नावं. देवानं क्षमा केली हे मी धरून चाललो आहे. मग ही वही डोक्यातून का जात नाही? पश्चात्ताप अर्धवट झाला, की सैतान मागचं उकरून काढतो? आमच्याकडे विचारलं तर दुसरं उत्तर लगेच मिळतं.

काळीमाती – २० फेब्रुवारी, सकाळी ६.१५

मी तुमच्या धर्माचा नाही, वारकरी घरातला. तरी लिहितो, कारण रात्री हे वाचलं आणि झोप लागली नाही.

आमचाही कापूस त्या वर्षांत घरूनच गेला. तोलणाऱ्या पोराला माझा बाप आधी पाणी द्यायचा, तोलून झाल्यावर चहा. पोरगं चांगल्या घरचं दिसते म्हणायचा. तुम्ही तेच असाल असं नाही, तुमच्यासारखे पुष्कळ होते.

देवापुढे रडणं सोपं आहे हो. देव पऱ्हाटी पेरत नाही, त्याला वेचणीचे पैसे द्यावे लागत नाहीत. ज्याचे दोन किलो गेले तो अजून गावातच आहे ना?

रानवारा – २० फेब्रुवारी, सकाळी ९.०२

काळीमाती, तुमचा राग रास्त आहे. पण धुऱ्यावरचा यांनी हे स्वतःहून लिहिलंय, कोणी पकडून आणलेलं नाही, तेवढं लक्षात घ्या.

दादा, मी अचलपूरकडची, नर्स आहे. दवाखान्यात दोन प्रकारची दुखणी रोज बघते. एक जखम भरत आली की खाजते, दुसरी आत पू झाला की ठणकते. वरून दोन्ही सारखीच दिसतात. बायबलात पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन दुःखांबद्दल लिहितो. एक देवाच्या इच्छेप्रमाणे असलेलं, ते माणसाला वळवतं. दुसरं जगाचं, ते मारतं. तुमचं कोणतं हे ओळखायची माझी साधी खूण अशी: ते दुःख तुम्हाला त्या माणसाकडे ढकलतंय की त्याच्यापासून तोंड लपवायला लावतंय? सैतान उकरत असता तर तुम्ही प्रभुभोजनाला जाणंच बंद केलं असतं, असं मला वाटतं.

बैलबंडी – २० फेब्रुवारी, दुपारी १.३०

वाचतोय. (आमच्याकडे अजूनही हे चालतं. दोन किलो म्हणजे तुमचा मालक दयाळूच म्हणायचा.)

जुना_सुवार्तिक – २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

वय ७४. यवतमाळची सेमिनरी (पाळक घडवणारं विद्यालय) १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी तिथे शिकलो. नंतर सायकलवर खेडी केली. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आपला 'पश्चात्ताप' हा शब्द छान आहे, पण त्यात नुसता नंतरचा ताप आहे. चूक झाली, मग जळजळ. शास्त्रातले शब्द एवढ्यावर थांबत नाहीत. जुन्या करारात इब्री (हिब्रू) शब्द 'शूब' येतो. त्याचा साधा अर्थ परत फिरणे, रस्ता चुकलेला माणूस मागे वळतो तसं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेतानोइया', म्हणजे मनच पालटणे. एक शब्द पायाचा आणि एक डोक्याचा. डोळ्यांचा एकही नाही. रडणं येतं, पेत्रही ढसढसा रडला, पण शब्दाच्या अर्थात रडणं नाही. उज्जीवन सभांत मी स्वतः चाळीस वर्षं लोकांना रडवलं आहे, म्हणून हे सांगायचा मला थोडा हक्क आहे.

आता जक्कयाकडे या, लूक १९. जकातदारांचा मुख्य. तोही एका अर्थी काट्यावरचाच माणूस. त्याचं 'चौपट परत करतो' सगळ्यांना पाठ असतं, पण तो आकडा कुठून आला हे कोणी विचारत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात दोन दर आहेत. ज्यानं आपण होऊन पाप कबूल केलं त्यानं मूळ रक्कम द्यायची आणि वर पाचवा हिस्सा (गणना ५:७, लेवीय ६). ज्यानं मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं त्यानं एकाला चार द्यायची (निर्गम २२:१). जक्कयाला कोणी पकडलं नव्हतं. त्याला पाचव्या हिश्शावर सुटता आलं असतं. त्यानं स्वतःला चोराचा दर लावला. श्रीमंतानं गरिबाची एकुलती मेंढी हिसकावल्याची गोष्ट नाथान संदेष्ट्यानं सांगितली तेव्हा दावीद राजाच्या तोंडूनही 'चौपट' हाच शब्द निघाला. चोर तो स्वतःच आहे हे त्याला अजून कळायचं होतं.

थेट_प्रश्न – २० फेब्रुवारी, रात्री ९.१०

काका, मग तर हे सरळ पैसे देऊन पाप फेडणं झालं. 'कृपेनं तारण, कर्मानं नाही' हे रविवारी गायचं आणि सोमवारी चौपट भरायचं? कसं जुळतं?

जुना_सुवार्तिक – २१ फेब्रुवारी, सकाळी ५.५०

क्रम पाहा. जक्कय ज्यावर चढला होता त्या उंबराच्या झाडाखाली येशू थांबला आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयानं एक पैसाही दिलेला नव्हता. लोक तिथेच कुरकुरले. पैशाची गोष्ट त्यानंतरची. पाहुणा आधी घरात आला, तिजोरी नंतर उघडली.

आणि नुसते पैसे परत करणं म्हणजे पश्चात्ताप नाही, याचा पुरावाही शास्त्रातच आहे. यहूदा इस्कर्योत, तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा शिष्य. त्यानं तीसच्या तीस नाणी मंदिरात नेऊन टाकली. 'मी पाप केलं' हेही म्हणाला. कबुली झाली, परतफेड झाली. पण मत्तयानं (२७:३) तिथे मेतानोइयाचं क्रियापद वापरलेलं नाही, निव्वळ हळहळीचा दुसरा शब्द ठेवला आहे. यहूदा पैसे घेऊन याजकांकडे गेला. ज्याचा घात केला त्याच्याकडे गेला नाही.

काळीमाती – २१ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

हे शेवटचं वाक्य पटलं.

व्यवस्थापक – २१ फेब्रुवारी, दुपारी १२.००

धर्मांतरावरचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्या विषयाचे धागे आधीच पुष्कळ आहेत, तिकडे जा. इथे काट्याबद्दल बोला.

संत्रानगरी – २१ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

नागपूरची, कॅथलिक. आमच्याकडे पापनिवेदन असतं, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे फादरसमोरच येतो. बाहेरच्यांना वाटतं, आत जाऊन सांगितलं, चार प्रार्थना म्हटल्या, सुटलो. तसं नसतं. मनापासूनचा खेद, तोंडानं कबुली आणि भरपाई असे तीन भाग धरलेले आहेत. पापक्षमा मिळाली तरी चोरलेली वस्तू परत करायची जबाबदारी उरते, ही चर्चची स्पष्ट शिकवण आहे. आजी सांगायची, तिच्या लहानपणी कोणीतरी दुसऱ्याची कोंबडी खाल्ल्याचं सांगितलं तर फादर विचारायचे, 'मग कोंबडी कधी देतोस?'

प्रोटेस्टंट मंडळींना एक टोमणा, हलकं घ्या: तुमच्याकडे सगळं देव आणि मी यांच्यात. मधे शेजारी कुठे बसवायचा ते ठरलेलंच नसतं.

थेट_प्रश्न – २१ फेब्रुवारी, दुपारी ४.०५

टोमणा पोचला. पण ज्याच्यापासून आमचा प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरच्या १५१७ सालच्या ९५ विधानांपैकी पहिलं विधान याच विषयावर होतं हो. विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, असा त्याचा आशय आहे. एका रात्रीत पुढे जाऊन उरकण्याचं काम नाही ते. हे आमचेच लोक विसरले, हा भाग वेगळा.

माझा खरा आक्षेप सभांवर आहे. ढोलकी, माईक, दिवे, 'आज रात्रीच निर्णय घ्या'. माणूस थकलेला असतो, रडतो. सकाळी पुन्हा तोच.

रानवारा – २१ फेब्रुवारी, रात्री ८.३०

सगळंच तसं नसतं. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये उज्जीवन झालं, तेव्हा मुली रडत आपापली पापं कबूल करत होत्या. तिथे माईक कुठला आणि दिवे कुठले.

पण रमाबाईंची स्वतःची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. आठ वर्षं! आणि ती बाई संस्कृत पंडिता, पुढे मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करणारी. आपल्यासारख्यांना एका जानेवारीत सगळं नवं व्हायला हवं, असा हट्ट कशाला? रोमकरांस पत्रात मनाच्या नवीकरणाबद्दल आहे, ते चालू राहणारं काम म्हणूनच आहे. यहेज्केलाच्या ३६व्या अध्यायात देव दगडाचं काळीज काढून मांसाचं देतो. मांसाचं काळीज मिळालं की दुखणारच. दगडाला कुठे दुखतं?

दादा, तुम्ही गप्प झालात.

धुऱ्यावरचा – २३ फेब्रुवारी, रात्री १०.५५

गप्प नाही. माळ्यावरून वही काढली, हिशोब करत होतो. इथे मांडतो, चुकलं तर सांगा.

२३ जणांचा मिळून तीन हंगामांत अंदाजे ६०० क्विंटल. दोन किलोनं १२ क्विंटल कापूस झाला. तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव ३९०० ते ४०५० होता, सरासरी ४००० धरला तर ४८,००० रुपये. काकांनी सांगितलेला पाचवा हिस्सा धरून ५७,६००. जक्कयाचा दर लावला तर १,९२,०००. आणि या २०२५-२६ च्या हंगामातल्या ८११० च्या हमीभावानं नुसता कापूसच परत करायचा म्हटला तर ९७,३२०.

हे आकडे बायकोला दाखवले. ती म्हणाली, "पोरीचं जमवून राह्यलो आपण, अन् तुमी गावभर सांगत फिरा का मी चोर हावो म्हनून. देवानं माफ केलं ना? मंग तुमाले काहून पुरत नाही?" तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पोरीनं काय केलं आहे?

दुसरं असं की कापूस मालकाच्या गोदामात गेला. मला त्यातले चिल्लर मिळाले. सगळं मी एकट्यानं का भरायचं, हेही मनात येतं. येतं ते लिहितो.

काळीमाती – २४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

भाव आजचा धरा. ज्याचा कापूस गेला त्याला कापसाचीच किंमत मिळाली पाहिजे. चार हजारात आज काय येतं? एका फवारणीचं औषध नाही येत.

मालकाचं म्हणाल तर मालकानं मालकाचं पाहावं. बटण तुमच्या बोटाखाली होतं. चौपट मात्र मागणार नाही कोणी. चार एकरवाल्याला चौपट भरायला लावलं तर उद्या त्याचंच घर बसेल, मग तुमच्या पोरीचा तळतळाट कोणाच्या वहीत लिहायचा?

संत्रानगरी – २४ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

काळीमाती, तुम्ही फादर व्हायला हवं होतं.

वहिनींबद्दल: गावभर सांगायची काही गरज दिसत नाही. ज्याचं पाप त्याच्यापाशी. मत्तय ५:२३-२४ बघा. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. माईकवर जाऊन साक्ष दे, असं तिथे म्हटलेलं नाही.

जुना_सुवार्तिक – २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५

संत्रानगरी ताईंशी सहमत. जाहीर साक्षीत एक धोका मी जवळून पाहिला आहे. माणूस पाप सांगता सांगता त्यातच मोठा होतो. 'मी किती वाईट होतो' याची गोडी लागते. वहिनींना म्हणावं, पोरीला यातलं काही ऐकू येणार नाही, पण बापाची झोप परत आलेली दिसेल.

मात्र घरोघर जायचं ते स्वतः जायचं. पाकीट दुसऱ्याच्या हाती पाठवू नका, पाळकांच्याही नाही.

बैलबंडी – २५ फेब्रुवारी, दुपारी २.००

आणि जे मेले त्यांचं काय? गाव सोडून पुण्याला गेले त्यांचं?

जुना_सुवार्तिक – २५ फेब्रुवारी, रात्री ८.०५

गणना ५:८ मध्ये तेही सांगितलं आहे. माणूस नसेल तर जवळच्या नातलगाला. नातलगही नसेल तर ते परमेश्वराचं, याजकाकडे जायचं. आज मी म्हणेन, गावातल्या एखाद्या निराधार बाईच्या हातावर ठेवा आणि पावती मागू नका.

धुऱ्यावरचा – १५ मार्च, रात्री ११.२०

तुरीचे पैसे आले. काल संध्याकाळी पहिल्या घरी गेलो. प्रभुभोजनाला शेजारी बसणारा तोच.

त्याचे ६० क्विंटल, म्हणजे १२० किलो. आजच्या भावानं ९७३२, वर पाचवा हिस्सा, एकूण ११,६७८. मी ११,७०० नेले. रस्त्यानं वाक्यं पाठ करत होतो. अंगणात त्याला पाहिलं आणि एकही आठवलं नाही. तो डवऱ्याची पास घासत बसला होता. मी उभ्या उभ्याच बोललो. काटा, रिमोट, दोन किलो, तीन वर्षं. मालकाचं नाव घेतलं नाही, 'मी केलं' एवढंच म्हणालो. एवढं तरी जमलं.

तो पास घासतच राहिला. मग म्हणाला, "मले मालूम होतं."

मी पाहातच राहिलो. म्हणाला, "दुसऱ्या वर्षी घरच्या ताणकाट्यावर तोलूनच ठेवला होता म्या. तुह्या काट्यावर दर गाठोड्यात कमी भरला."

मी विचारलं, "मंग बोलला काहून नाही?"

"तवा पैशाची नड होती. अन् नंतर म्हटलं येशीन तू. मंडळीत बाजूलेच बसतोस. दोनेक वर्षं वाट पाह्यली. मंग सोडली."

पैसे घेतले. माझ्यासमोर दोनदा मोजले. ६७८ च्या वरचे २२ रुपये सुटे शोधून परत दिले. चहाचं कोणी विचारलं नाही. त्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

आज रविवार. तो आला होता, पण माझ्या बाजूला बसला नाही. खिडकीजवळच्या रांगेत बसला. मला वाटलं होतं काल सगळं मोकळं होईल. झालं नाही. पण वही उघडली तेव्हा त्याच्या नावाशी डोळे थांबले नाहीत, पुढच्या नावावर गेले. हे काय आहे ते मला सांगता येत नाही.

रानवारा – १६ मार्च, सकाळी ७.३०

दादा, दोन वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला खिडकीजवळ बसायला थोडा वेळ लागेलच. त्याला बसू द्या. पुढच्या रविवारी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसू नका, एवढंच सांगते.

थेट_प्रश्न – १६ मार्च, सकाळी ९.४५

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप धावत आला हे सगळे सांगतात. रागावून बाहेर थांबलेला थोरला भाऊ शेवटी आत आला की नाही, हे लूकनं लिहिलेलंच नाही. तुमची पोस्ट वाचून ते आठवलं.

काळीमाती – १६ मार्च, सकाळी १०.१०

२२ रुपये परत दिले म्हणजे माणूस चोख आहे. त्याचा राग घ्या, तुमच्या वाट्याचा आहे तो.

बाकीचे कोणकोणत्या गावचे आहेत? आमच्या बाजूला यायचं असेल तर दुपारी येऊ नका, ऊन फार आहे. संध्याकाळी लोक घरी सापडतात.

धुऱ्यावरचा – १६ मार्च, रात्री ९.५०

नाल्यापलीकडची दोन घरं आधी करतो. एक म्हातारी आहे, तिचा नवरा गेला, पोरगा कामासाठी बाहेर असतो. तिचे ९ क्विंटल होते. बायको म्हणाली, म्हातारीकडे मी येते तुमच्यासोबत, तुम्ही एकटे गेले तर ती घाबरेल.

काळीमाती दादा, तुमच्या बाजूची चार नावं आहेत. गावांची नावं व्यक्तिगत निरोपात पाठवली आहेत. पाहून घ्या.